इंद्रभान बाप्पूंचं धावणं

इंद्रभान बाप्पूंना धावायला मी शिकवलं, हे त्या गावात मी कधीच कुणाला सांगितलं नाही. ज्या दिवशी सांगायलाच हवं होतं, त्या दिवशीसुद्धा नाही. आता बाप्पू गेले, मीही पेन्शनीत निघालो, तरी हे लिहिताना माझे कान गरम होतात.

गाव चिखली-मेहकर रस्त्यापासून पाऊण कोस आत. अडुसष्ट साली मी तिथल्या शाळेवर रुजू झालो. वय चोवीस, अमरावतीहून व्यायामाचा कोर्स केलेला, अंगात रग. पहिल्याच महिन्यात मी मुलींनाही मैदानावर ओळीत उभं करून कवायत करायला लावली, आणि गावानं माझं नाव ‘परेड मास्तर’ ठेवून टाकलं. मी विहिरीवरून गेलो की बायका तोंडाला पदर लावायच्या. पारावरची माणसं माझ्या चालीवर ‘दाये-बाये, दाये-बाये’ म्हणायची. मी वरवर हसायचो आणि खोलीवर येऊन उशी बडवायचो. हसं होण्याची मला तेव्हा जी धास्ती बसली, ती या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

बाप्पू गावचे पाटील, मोठे कास्तकार. चाळीस एकर काळी जमीन, दोन बैलजोड्या, वय पंचेचाळीस. बसले की पोट मांडीवर घेऊनच बसायचे. आमच्या भागात तेव्हा पोट म्हणजे घरचं बरं असल्याची खूण होती, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लाज आली ती पोळ्यानंतरच्या आठवड्यात. बाप्पू शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभे, बैलगाडीत त्यांची बायको वच्छलाबाई एकटी बसलेली. रस्त्यावरून ट्रक भोंगा वाजवत गेला आणि बैल बुजून उधळले. बाप्पू धावले. वीस पावलं गेले आणि गुडघ्यांवर हात ठेवून मटकन खाली बसले. त्यांच्या बाजूनं त्यांचा सालदार गडी कडूबा, वयानं त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा, वाऱ्यासारखा गेला आणि त्यानं कासरा धरला. वच्छलाबाईंना खरचटलंही नाही. घरी आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाप्पू मला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते शाळा सुटल्यावर आले. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग खाली बघत म्हणाले, “गुरुजी, मानूस या वयात धावाले शिकू शकते का?”

“शिकू शकतो की.”

“कोनाले सांगू नका. माह्या घरीबी नाही. पाटील पयून राह्यला म्हनून लोक हसतील.”

हसतील ही गोष्ट मला दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको होती. मी कबूल केलं.

पहाटे सगळं गाव तांब्या घेऊन परसाकडे जातं, तसे बाप्पूही तांब्या घेऊन निघायचे. नाल्यापलीकडच्या गाडवाटेवर आले की बाभळीच्या बुंध्याशी तांब्या ठेवायचे आणि धोतराचा काचा मारायचे. पहिल्या दिवशी शंभर पावलं. शंभर म्हणजे मोजून शंभर, मीच मोजली. बरगडीखाली सुरी खुपसल्यागत कळ आली, तोंडात लोखंडाची चव आली, आणि ते ओकले. मला वाटलं, उद्या काही येत नाहीत. पण आले. नडगीची हाडं धरलेली, मांड्या दगड झालेल्या, घराचा जिना उतरताना भिंतीला धरून उतरले म्हणाले. “गुरुजी, खाली बसता येत नाही हो. तांब्या घेऊन जातो खरा, पन बसू कसा?” हे सांगताना त्यांना हसू आलं आणि मलाही आलं. तेवढं एकच हसणं आम्ही दोघांनी मिळून हसलो.

मी त्यांना पळ आणि चाल आलटून पालटून करायला सांगितलं. बोलता येईल इतकंच पळायचं, धाप लागली की चालायचं. चिखलीहून त्यांनी पुतण्यासाठी म्हणून कॅनव्हासचे बूट आणले आणि ते कडब्याच्या गंजीत लपवून ठेवले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ते वळणापर्यंत पळाले आणि थांबल्यावर आश्चर्यानं माझ्याकडे बघत राहिले, कारण धाप लागलीच नव्हती. दीड महिन्यात धोतराची गाठ चार बोटं आत गेली. भूक इतकी वाढली की दोन भाकरी जास्त. रात्री पडले की सकाळपर्यंत कूस बदलायचे नाहीत. पोटऱ्या टणक झाल्या. त्या ते मला दाबून बघायला सांगायचे, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या पायाला हात लावताना मला संकोच वाटायचा. मी घड्याळ लावून नाडी मोजायचो. सुरुवातीला मिनिटाला अठ्ठ्याऐंशी होती, चौथ्या महिन्यात चौसष्टवर आली. छातीतला तो ठोका संथ आणि भरीव होता, मोटेचं पाणी पडावं तसा.

हे सगळं आतून चाललं होतं, आणि आतलं फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. बाहेरून गाव काय बघत होतं? गालफडं बसली. गळ्याखालची हाडं दिसायला लागली. सदरा खांद्यावरून ओघळतोय. हातातली अंगठी निसटते म्हणून तिला दोरा गुंडाळलाय. आणि हा माणूस पहाटे तांब्या घेऊन जातो तो तासाभरानं घामानं भिजून परत येतो. आधी म्हणाले पोट बिघडलं. मग म्हणाले संग्रहणी. मग दिवाळीच्या सुमाराला पारावर हलक्या आवाजात तो शब्द निघाला: छातीचा रोग. टीबी.

वच्छलाबाईंची वेगळीच तऱ्हा झाली. बाप्पूंचं घोरणं थांबलं होतं. वीस वर्षं त्या घोरण्यावर झोपलेली बाई मधेच जागी व्हायची आणि नवऱ्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का बघायची. त्यांनी शेगावच्या महाराजांना नवस बोलला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, “काही नाही, शेतात लय चालनं होते.”

मी बाप्पूंना म्हणालो, “आता घरी तरी सांगून टाका.”

“काय सांगू? तुह्या गाडीमागं धावता आलं नाही म्हनून शिकून राह्यलो, हे सांगू?” ते चिडले. पुन्हा मी विषय काढला नाही.

या सगळ्यात खरा जीव टांगणीला लागला होता तो त्यांच्या मुलीचा. पुष्पा, अठरा वर्षांची. मेहकरकडच्या शालिग्रामजींच्या घरी तिची सोयरीक जुळत आली होती. मुलगा शिकलेला, शांत. मुलीनं त्याला एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती विहिरीवर गाणं गुणगुणायला लागली होती, हे गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. फक्त साक्षगंधाची तारीख धरायची बाकी होती. पण त्या काळी ज्या घरात टीबी आहे त्या घरची पोर कुणी करत नसे. रोग रक्तातून येतो, पोरीबरोबर आपल्या घरात येतो, असंच मानत.

माघात शालिग्रामजी भावाला घेऊन तारीख धरायला आले. बाप्पूंना पाहताच त्यांचा चेहरा उतरला. गावात पाय मोकळे करून येतो असं सांगून ते बाहेर पडले ते सरळ शाळेत. आमच्याकडे सोयरिकीची चौकशी गावच्या मास्तरापाशी करतात. मास्तर परगावचा असतो, त्याला कुणाची भीड नसते, असा समज.

“गुरुजी, तुमी शिकेल मानूस. पोरीच्या बापाले काय झालं हाये? खरं सांगा.”

एक वाक्य पुरे होतं. ‘ते रोज पहाटे माझ्याबरोबर तीन मैल पळतात.’ जिभेवर आलेलं होतं. पण वर्गाच्या दाराशी पारावरचे दोघं-तिघं येऊन उभे होते, कान टवकारून. माझ्या डोळ्यांसमोर उद्याचा पार उभा राहिला. परेड मास्तरानं पाटलाला परेड शिकवली! दाये-बाये बाप्पू! गाव वर्षभर हसलं असतं, आणि पाटलापेक्षा माझ्यावर जास्त हसलं असतं.

मी म्हणालो, “घरच्या गोष्टी मला कशा ठाऊक असणार? तुम्ही त्यांनाच विचारा.”

शालिग्रामजींनी माझ्याकडे नीट बघितलं. मास्तर टाळतोय म्हणजे काय ते समजावं, इतके ते जाणते होते. घरी जाऊन त्यांनी पानावर बसायला नकार दिला. आज उपास आहे म्हणाले. मुलीच्या घरी पाहुणा जेवला नाही की पुढचं बोलावं लागत नाही. तारखेचं मागाहून कळवू म्हणून ते उठले. कडूबानं बैलगाडी जुंपली आणि मेहकरच्या एस.टी.साठी त्यांना फाट्याकडे घेऊन निघाला.

मी बाप्पूंच्या दारात पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसलेले होते. आत ताटं वाढलेली तशीच. पुष्पा उंबऱ्याशी उभी होती, नव्या लुगड्यात, आणि ती रडत नव्हती, नुसती बापाकडे बघत होती. वच्छलाबाई सगळ्यांदेखत बाहेर आल्या. असं त्या कधी करत नसत. “आता तरी सांगा, काय लपवून राह्यले तुमी? पोरीचं वाटोळं झालं!”

बाप्पूंनी एकदा मुलीकडे पाहिलं. मग अंगातला कोट काढला, काचा मारला, आणि भर दुपारी, गावातल्या मधल्या रस्त्यानं धावत सुटले.

आमच्या गावात मोठा माणूस धावला की त्याचा अर्थ एकच. कुणाला तरी साप चावलाय, किंवा कुठंतरी आग लागलीय. माणसं हातातलं काम टाकून, काठ्या आणि बादल्या घेऊन त्यांच्या मागं धावली. “कोनाले चावलं? कोनाले?” मी सायकल काढली. रस्ता चढाचा. धावणारे गडी एकेक करून मागे पडले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि बाप्पू एका लयीत पुढं जात राहिले, खांदे सैल, पाय हलके. असं सुंदर धावणं त्या भागात त्या आधी कुणी बघितलं नसेल. ते बघताना मला सायकलसकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

फाट्याच्या अलीकडे त्यांनी गाडी गाठली. शालिग्रामजी खाली उतरले. बाप्पूंनी त्यांचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला.

“रोज धावतो मी. चार महिने झाले. रोग असता त इथलोक आलो असतो का? बघा, खोकला येते का?”

शालिग्रामजींनी हात बराच वेळ तिथंच ठेवला. मग भावाकडे वळून म्हणाले, “अरे, ही त बैलाची छाती हाये!” ते मोकळेपणानं हसले, गाडी वळवायला लावली, परत आले, आणि त्या रात्री उपासाबिपासाचं नाव न काढता पाच पुरणपोळ्या जेवले. वैशाखात लग्न लागलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मागून धापा टाकत आलेल्या गावानं जे बघितलं ते दुसरंच होतं. फाट्याच्या अलीकडे मुलीचा बाप मुलाच्या बापाचा हात धरून उभा होता, मुलाचा बाप गाडीत बसून आलेला आणि मुलीचा बाप पायी धावत. रोज धावण्याचं काहींनी ऐकलंच नाही, ज्यांनी ऐकलं त्यांनी मानलं नाही. पाटील लेकीपायी व्याह्याच्या गाडीमागं धावला, एवढंच गावात राहिलं. मेहकरकडेही तेच पोचलं. पहिल्या दिवाळीला पुष्पा माहेरी आली तेव्हा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सासूशी काही बिनसलं की सासू म्हणायची, “तुहा बाप आमच्या गाडीमागं धावत आल्ता.”

लग्नानंतर बाप्पू गाडवाटेवर आले नाहीत. मी चार दिवस वाट पाहिली आणि घरी गेलो. ते म्हणाले, “आता धावलो त लोक इचारतील, आज कोनाच्या मागं चालले?”

वर्षभरात पोट परत आलं. पोटऱ्या मऊ झाल्या, घोरणं सुरू झालं. वच्छलाबाईंनी शेगावला जाऊन नवस फेडला. बाप्पूंची तब्येत सुधारली म्हणून गावाला बरं वाटलं.

माझी बदली झाली त्या दिवशी बाप्पू मला निरोप द्यायला फाट्यापर्यंत चालत आले. चढावर दोनदा थांबले. एस.टी. दिसली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला.

“शालिग्रामजीनं तुमाले शाळेत इचारलं होतं, मले मागून समजलं. मी सांगू नका म्हनलं होतं म्हनून तुमी बोलले नाही. एवढं वचन पाळनारा मानूस मी पाह्यला नाही, गुरुजी.”

बस थांबली. मी होकारार्थी मान हलवली आणि चढलो.