डीलोडचा आठवडा आणि बेळगुंदीचा पैरा

"सर, बार जड लागालाय," सुवर्णा म्हणाली.

बारवर सत्तर किलो होते. याच पोरीनं दहा दिवसांपूर्वी एकशे चाळीस उचलले होते आणि वर मला विचारलं होतं, "अजून पाच टाकूया?" आता राज्य स्पर्धा नऊ दिवसांवर आली होती. त्यात हा डीलोडचा आठवडा. या आठवड्यात काहीही जड लागायला नको.

डीलोड म्हणजे काय ते सांगतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात. बार खांद्यावर घेऊन बसून उठणं, आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं, आणि जमिनीवरून बार उचलणं. शेवटच्याला डेडलिफ्ट म्हणतात. स्पर्धेआधी दोन-तीन महिने आम्ही वजन वाढवत नेतो. ताकद वाढते, पण अंगात थकवाही साचतो. म्हणून शेवटी एक आठवडा वजन निम्म्यावर आणायचं. खायचं, झोपायचं आणि कंटाळायचं. थकवा उतरला की कमावलेली ताकद दिसायला लागते. शेतकऱ्यांच्या पोरांना मी सांगतो, एक हंगाम रान पड टाकतात तसंच हे. पोरांना ते पटतं. कंटाळायला मात्र कुणाला जमत नाही.

मलाही जमत नाही. बेळगावच्या शहापुरात माझी जिम आहे आणि जिमच्या वरच्या दोन खोल्यांत मी एकटा राहतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. एरवी पोरं दोन-दोन तास खाली असतात, मी ओरडत असतो, दिवस निघतो. डीलोडमध्ये पोरं अर्ध्या तासात घरी जातात. मग मी उगाच प्लेटा पुसत बसतो. त्या आठवड्यात माझा आवाज मला फोनवर रिचार्जवाल्याशी बोलतानाच ऐकू येतो.

तर सुवर्णा. वय तेवीस, गाव बेळगुंदी, बेळगावात एका शोरूममध्ये बिलिंगला. दिवसभर उभं राहावं लागतं म्हणून मीच तिला आठवडाभराची रजा काढायला लावली होती. "घरात पड नुसती," असं बजावलं होतं.

"काय केलंस चार दिवस?" मी विचारलं.

"काय न्हाय सर. पडून व्हतो."

"हात दाखव."

नखांत माती होती. मान वळवली तर मानेखाली पोत्यानं सोलून निघालेलं. मी बारच्या प्लेटा काढल्या. ते बघून तिनंच सांगितलं.

"पैरा फेडायचा व्हता सर. चार घरं झाली. दोन ऱ्हायल्यात."

पैरा म्हणजे कामाची अदलाबदल. आज तुमच्या घरचं माणूस आमच्या रानात, उद्या आमचं तुमच्या रानात. दिवसाला दिवस. बेळगुंदीला रताळी काढायचे दिवस होते, आणि हे काम एकट्यादुकट्याचं नाही. सुवर्णाचे वडील नाहीत. घरी ती आणि आई. सकाळी प्रॅक्टिस, मग नोकरी, संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिस, यात गेल्या वर्षी ती कुणाच्या रानात गेली नाही. मग त्यांच्या रानातही कुणी आलं नाही. तिच्या आईनं अकरा दिवस एकटीनं रताळी काढली. हे तिनं मला वर्षभर सांगितलं नव्हतं.

"सोमवारी आमचं रान हाय," ती म्हणाली. "दोन घरं फेडली न्हाईत तर आई परत एकटीच."

"आणि पोती कशाला उचललीस? ते बाप्यांचं काम ना?"

"कोणतरी म्हणालं, एवढी जिमला जातीस तर उचल की बघू."

"किती उचललीस?"

"मोजली न्हाईत."

माझं डोकं फिरलं. आम्ही अडीच किलोची प्लेटसुद्धा वहीत लिहितो. तीन महिने मापून घडवलेलं अंग हिनं चार दिवसांत रानात घालवलं होतं. मी खूप बोललो. ती बॅग घेऊन खाली मान घालून गेली. त्यानंतर जिममध्ये मी आणि पंखा.

शनिवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि बेळगुंदी गाठली. रस्त्यात तोडगा ठरवून टाकला होता. सुवर्णाच्या जागी मी दोन दिवस राबणार. गुडघा दुखरा आहे, पण कुदळ चालवता येते.

ज्या घरचा पैरा राहिला होता त्यांच्या रानात आठ-नऊ बायका होत्या, सुवर्णाही त्यांच्यात. सगळ्यांत वडीलधारी तानूआक्का. मी सरळ तिला सांगितलं, "सुवर्णाचा पैरा मी फेडतो."

बायका हसल्या. आक्का हसली नाही.

"तसं न्हाय चालत सर. पैऱ्याला घरचं माणूस लागतंय."

"मीही माणूसच आहे की."

"व्हय. पर तुमी आज राबलासा, तर आमी तुमच्याकडं कवा यायचं? तुमचं रान कुठलं?"

"जांबोटीला होतं."

"होतं म्हंजे?"

"आता दुसऱ्याकडं आहे."

तिनं पुढं विचारलं नाही. मी वीस वर्षांचा असताना बेळगावात खोली घेऊन राहायचो, राज्याच्या स्पर्धेची तयारी करायचो. भाताच्या कापणीला गावी गेलो नाही, तीन वर्षं ओळीनं. पदक आणलं, गावानं हार घातला. आईच्या रानात कापणीला कोण होतं ते मी विचारलं नाही. ती गेल्यावर रान गेलं. आता कुणी कापणीला यावं असं माझं रानच नाही, आणि कुणाच्या रानात जायचा हक्कही नाही. त्या बांधावर उभं असताना मला फार एकटं वाटलं. सरळ सांगतो, रडू आलं होतं. मी हेल्मेटची पट्टी नीट करत बसलो.

मग आक्काच म्हणाली, "पोरीचं काय दुखालंय?"

"दुखत नाही. पण तिनं उचलायचं नाही, वाकून खणायचं नाही. पुढच्या रविवारी स्पर्धा आहे."

"एवढंच व्हय? मग बसून माती झाडू दे रताळ्यांची. पैऱ्यात एक माणूस म्हंजे एक माणूस. किती उचललं ते कोण मोजतंय हितं?"

सुवर्णा सावलीत ढिगापाशी बसून माती झाडायला लागली. मी परत आलो आणि वहीत उरलेले दिवस नव्यानं आखले. बार पूर्ण बंद. फक्त चालणं, जेवण, झोप. गेलेले चार दिवस काही परत येत नव्हते.

स्पर्धा हुबळीला होती. बाकीच्या पोरींबरोबर घरचे आलेले, डबे उघडलेले. आमच्या बाजूला मी आणि ती. आई आली नाही, तिला त्या दिवशी दुसऱ्यांच्या रानात जायचं होतं. पहिले दोन प्रकार बरे गेले. डेडलिफ्टला एकशे पस्तीस उचलले, एकशे चाळीस उचलले. शेवटी एकशे पंचेचाळीस. बार गुडघ्याच्या वर आला आणि थांबला. तिनं धरून ठेवला, पाय थरथरले, मग सोडला. तिसरा नंबर. राष्ट्रीय स्पर्धेला पहिल्या दोघींची निवड झाली.

मी तिच्याजवळ जाऊन काय बोलावं ते जुळवत होतो. तीच म्हणाली, "सर, सोमवारी आमच्या रानात नऊ जणी आलत्या. एका दिसात रान मोकळं."

त्या क्षणी मला ते ऐकून आनंद झाला नाही. पाच किलोंसाठी गेलेलं वर्ष डोळ्यांपुढं होतं. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. बेळगाव येईपर्यंत मी तिच्याकडं बघत होतो. हरलेली माणसं एवढी गाढ झोपत नाहीत. मी पदक जिंकलो त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

डीलोडचा आठवडा मी अजूनही देतो. त्याशिवाय गत्यंतर नाही. फक्त तारीख ठरवण्याआधी प्रत्येकाला विचारतो, त्या आठवड्यात तुझ्या वाटचं काम घरी कोण करणार? "आई" असं उत्तर आलं की तारीख बदलतो.

माझ्या सरांनी मला हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी "गडी आहेत" असंच सांगितलं असतं.