पुलावरचा श्वास

कळंबहून धाराशिवला बँकेत पहाऱ्याला जाणारे एक माजी सैनिक एसटीत रोज माझ्या शेजारी बसायचे. कोरड्या नदीचा पूल आला की भर उन्हाळ्यात खिडकी लावायचे आणि पूल संपेपर्यंत श्वास रोखायचे. लोक हसायचे, मीही हसलोय. एकदा विचारलंच, "मामा, खाली तर थेंबभर पाणी न्हाय."

"फौजेत आमची गाडी पाण्यातून चालणारी व्हती. पाणी उपसायचा पंप बिघडलेला. नवा मागितला, तर वरचे सायब म्हणले, पुढच्या बजेटात बघू. त्याआधीच सरावात बुडाली. तिघं अजून आत श्वास रोखून हायती. म्या एकट्यानं कसा सोडू?"

महिना झाला, ते येत नाहीत. काल पुलावर नकळत मीही श्वास रोखला. पूल संपला, तेव्हा शेजारच्या रिकाम्या सीटवरून एकामागून एक चार श्वास सुटले.