साडेएकोणीस इंचांचा हात

आबा कुठल्याही वस्तूपुढे उभे राहिले की आधी सदऱ्याची बाही वर सारायचे. मग कोपर तिच्या एका टोकाला टेकवायचे, मधलं बोट ताठ करायचे आणि हातामागून हात मोजत पुढे सरकायचे. फळा, टेबल, लांब उडीचा खड्डा, कुणाच्या लग्नाचा मांडव, काहीही. वर आम्हाला ऐकवायचे, "हात म्हणजे दीड फूट. टेप लबाडी करस मॅडम, हात करत नही."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना खोटं पाडायची कुणाची हिंमत नसते, कारण ती खोटं बोलतच नाहीत.

जळगाव-धुळे रस्त्यावर, पारोळ्याच्या बाजूला आमचं कॉलेज होतं. मी तिथे मराठी शिकवायला नवी लागले होते आणि आबा खेळाचे शिक्षक होते. साडेसहा फुटांचा उंचापुरा देह, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचं सगळं तारुण्य खो-खो आणि कबड्डीत गेलेलं. बास्केटबॉल त्यांना माहीत होता तो नियमांच्या एका चोपड्यातून. तरी मुलींचा संघ काढायचाच, असं त्यांच्या मनाने घेतलं. लोहाराकडून रिंगा करून आणल्या, खांब रोवले, मैदानावर चुन्याची फक्की मारली. सगळं हाताने मोजून, हे सांगायला नकोच.

मुली आसपासच्या खेड्यांतून एसटीने यायच्या. आबा एकेकीच्या घरी गेले होते. "दिवे लागायच्या आत पोर घरी आणून सोडीन," असा शब्द त्यांनी प्रत्येक बापाला दिला होता, आणि तो पाळायचे. संघाच्या दुसऱ्या वर्षी मी आले, आणि सोबत बाई माणूस पाहिजे म्हणून माझी नेमणूक झाली. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिट्टी वाजली की मी टाळ्या वाजवायचे. पुष्कळदा ती आमच्याच मुलीची चूक असायची.

दोन वर्षं आम्ही प्रत्येक सामना हरलो. थोडाथोडका नाही, सपाटून. मुली वाऱ्यासारख्या पळायच्या, चेंडू हिसकावून आणायच्या आणि रिंगेपाशी येऊन सगळी माती करायच्या. आबा बाजूने ओरडायचे, "अगं, दम नही का तुमनामा?"

तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी आबांना बोलावून घेतलं. मीही तिथेच होते. प्राचार्य तसे सज्जन, आवाज चढवायचे नाहीत.

"आबा, मुलींना हे जमत नाही. दोन वर्षं पाहिलं ना आपण? यंदा एक सामना जिंकून आणा. नाही जमलं तर संघ बंद. त्या जागेवर सायकल स्टँड करू."

"व्हई जाई," आबांनी होकार भरला. बाहेर आल्यावर मात्र बराच वेळ ते मैदानाकडे पाहत उभे राहिले. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर मुलींची जास्त आली.

सामने धुळ्याला होते. पहिलाच सामना शहरातल्या एका कॉलेजशी. त्यांच्या मुलींचे बूट पांढरेशुभ्र, आमच्यातल्या दोघींच्या पायात तर भावांचे बूट. मध्यंतराला गुण होते अठरा-तीन. कोणाचे किती हे विचारू नका.

मी खेळ पाहत नव्हतेच, मुलींचे चेहरे पाहत होते. पण न राहवून एकदा रिंगेकडे पाहिलं आणि मला गंमत वाटली. आमची कुणीही चेंडू टाको, तो रिंगेच्या वीतभर वर, फळीच्या एकाच जागेवर आदळून परत येत होता. पेपर तपासताना असं होतं. चाळीस वह्यांत एकच चूक सापडली की आपण मुकाट्याने आपलीच वही उघडून बघतो.

"आबा, सगळ्या एकाच ठिकाणी चुकतायत हो," मी म्हटलं. "सगळ्या वर्गाची चूक एकच असली तर ती शिकवणाऱ्याची असते."

बोलून गेले आणि जीभ चावली. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिंगेकडे. आणि तरातरा पंचांकडे गेले.

"तुमनी रिंग बुटकी शे!"

पंच हसले. बघणारी पोरंही हसली. आबा हटेनात, म्हणून शेवटी कुणीतरी शिडी आणि पोलादी टेप आणली. रिंग बरोबर दहा फुटांवर निघाली, ना इंच कमी ना इंच जास्त. आबांनी बाही वर सारली, पंचांच्या हातातली टेप घेतली आणि स्वतःच्या हाताला लावली.

साडेएकोणीस इंच.

हिशोब मलाही जमला. हातामागे दीड इंच, दहा फुटांना दहा इंच. दोन वर्षं आमच्या मुली जवळजवळ अकरा फुटांवरच्या रिंगेत चेंडू टाकायला शिकत होत्या.

आबा मुलींपुढे आले. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी मला तो लहान दिसला. मुली घाम पुसत, माना खाली घालून बसल्या होत्या. आता बोलणी बसणार, असंच त्यांना वाटत असावं.

"मनी चूक शे पोरींनो," आबा म्हणाले. "तुमनी नही. आपली रिंगच उंच शे. मी चुकीची बांधी."

मग सोनगीरची सुनंदा, आमची कॅप्टन, उठली. ती मूळची फटकळ. "मग आते काय करानं, ते सांगा ना आबा."

"वीतभर खाले टाका."

"बस? एवढंच?" सुनंदा खदखदून हसली आणि तिच्याबरोबर सगळ्याच हसायला लागल्या.

दुसऱ्या डावात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमचं मैदानही आबांच्याच हाताने आखलेलं, म्हणजे नको तेवढं लांब. त्यावर पळून पळून तयार झालेल्या मुलींना हे मैदान अंगणाएवढं वाटत होतं. पांढऱ्या बुटांना धाप लागली आणि आमच्या मुली आत्ता कुठे तापल्या होत्या. एकतीस-तीस. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्यांदाच त्या बरोबर वेळेला वाजल्या.

दुपारचा सामना आम्ही हरलो. त्याचं कुणाला काय! परतीच्या एसटीत मुली गाणी म्हणत होत्या. आबा खिडकीशी बसून होते.

"आबा, जिंकलो की. संघ राहिला."

"पहिल्या वर्षाची कॅप्टन आठवते मॅडम? तुम्ही यायच्या आधीची. ना, तुम्हाला कशी आठवणार," ते म्हणाले. "माझा नेमच नाही म्हणून रडत खेळ सोडून गेली. मीच म्हटलं होतं तिला, तुझ्यात दम नाही."

आठवडाभरात रिंगा खाली आल्या, टेपने मोजून. नंतरच्या रविवारी आबा कुठे गेले होते, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

ते मला कळलं आबा वारल्यावर. त्यांच्या घरी भेटायला गेले, तर तिथे एक अनोळखी बाई बसली होती. सावद्याची, केळीवाल्यांच्या घरची सून. आम्ही एकमेकींची ओळख करून घेतली, तेव्हा कळलं, पहिल्या वर्षाची कॅप्टन ती हीच.

"आबा एका रविवारी आमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "पायात तेच बूट. चहासुद्धा उभ्यानेच घेतला. मी पदर सावरत दाराआड उभी. घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं, पोरीचा नेम पक्का होता, रिंग मी चुकीची बांधली होती. आणि लगेच निघाले, परतीची गाडी होती म्हणून."

"मग घरचे काय म्हणाले?"

ती डोळे पुसतापुसता हसली. "सासूबाईंना बास्केटबॉल म्हणजे काय ते आजही माहीत नाही. पण तेव्हापासून घरी कुणी पाहुणा आला की आधी सांगतात, आमची सून खेळाडू शे."