भोरड्यांना पुरून उरलेला प्रबंध

शकुन तायडे अमरावतीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. तिच्या पीएच.डी.च्या विषयाने स्टाफरूममधल्या शहाण्यांची चांगली करमणूक व्हायची. शास्त्रज्ञांनी शोधलेली चांगली गोष्ट माणसं घेत का नाहीत, हा तो विषय. "शेतकरी अडाणी, दुसरं काय," असं म्हणून मंडळी चहाला मोकळी होत. शकुनला त्या उत्तराची भयंकर चीड यायची. तिचे वडील अकोल्याला रेल्वेत गँगमन. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन त्यांनी घरातले देव विसर्जित केले, ते एकट्याने नव्हे, सगळ्या वस्तीसोबत. अडाणी म्हणवली गेलेली माणसं केवढा निर्णय घेतात, हे तिने उंबरठ्यात उभं राहून पाहिलं होतं.

तिचे मार्गदर्शक भुयार सर माणूस भला, पण पुस्तकाबाहेर पाऊल न टाकणारा. "शकुनबाई, माणूस फायदा बघतो, की संपलं अर्थशास्त्र. हे तुमचं मनाबिनाचं काही खरं नाही. यंदाचा हंगाम देतो. हाती काही लागलं नाही, तर विषय बदला."

विषय बदलायचा म्हणजे त्या चहावाल्या मंडळींचं उत्तर कबूल करायचं. शकुनने पातूरकडची एस.टी. पकडली.

तेव्हा हायब्रीड ज्वारी नुकतीच आली होती. पातूरजवळच्या पिंपळडोह गावात शकुन घरोघर फिरली. जो तो म्हणायचा, बियाणं चांगलं आहे. पेरायला मात्र कोणी तयार नाही. ती वैतागून शालिकराम नावाच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसली.

"तुम्ही तरी पेराल का?"

"कुर्बानले इचारा लागते, बाई."

"शेत तुमचं ना?"

"वावर माहं हाये. पन बैल एकच हाये."

तिफणीला बैल लागतात दोन. एक शालिकरामचा, एक शेजारच्या कुर्बानचा. या सावडीत दोघांची पेरणी व्हायची. अख्ख्या गावात अशाच जोड्या. आणि आपण बावळटासारखे एकेकाला गाठून त्याचं मत विचारतोय, हे शकुनच्या ध्यानात आलं.

शालिकरामच्या बायकोने, तानुबाईने, पुढचं सांगितलं. "मांगच्या साली साऱ्या गावात यायनंच ही हायब्रीड पेरली. साऱ्या शिवाराच्या आंधी पिकली. मंग साऱ्या मुलखाच्या भोरड्या आमच्याच वावरात. नुसते धांडे राह्यले."

"बियाणं देणाऱ्या साहेबांना सांगितलं नाही?"

"सायेब मंग फिरकलाच नाई."

कशाला फिरकेल? हिरव्यागार प्लॉटचा फोटो वर पाठवला की शाबासकी मिळायची. पाखरांनी खाल्लेल्या प्लॉटला कोण विचारतो? त्यामुळे जिथे शिकण्यासारखं होतं तेच वर पोचत नव्हतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गावागणिक एकाच घरी बियाणं जायचं. शकुनला संताप आला आणि आनंदही झाला, कारण तिचा विषय तिला सापडला होता.

बियाणं वाटणारे साहेब 'अख्ख्या गावाला एकदम द्या' हे तिचं म्हणणं ऐकून हसले. सगळं एकाच गावाला दिलं तर अहवालात बाकीच्या गावांची नावं कुठून आणू, म्हणाले. शकुन त्यांच्या ऑफिसात ठाण मांडून बसायला लागली. शेवटी ही ब्याद टळावी म्हणून त्यांनी बियाणं दिलं.

मग तिने पिंपळडोहात सगळ्या सावडी एका जागी बोलावल्या.

कुर्बान म्हणाला, "सारे पेरतीन त मी बी पेरतो. एकटा नाई."

दुसरा तेच म्हणाला, तिसराही तेच. गंमत ही, की सगळ्यांच्या मनात हे आधीपासून होतं. फक्त एकमेकांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. ज्येष्ठाच्या शेवटी सगळं शिवार एकाच बियाण्याने पेरलं गेलं.

दसऱ्याच्या सुमाराला भोरड्या आल्या, आभाळ काळं करून. कॉलेजला सुट्ट्या होत्या, म्हणून तीही मचाणावर चढली आणि गोफण फिरवली. पहिला दगड मागे जाऊन कुर्बानच्या बैलाजवळ पडला. गाव पोट धरून हसलं आणि गोफण तिच्याकडून काढून घेण्यात आली. भोरड्यांनी खाल्लं, पोटभर खाल्लं. पण एवढ्या शिवारात त्या खाऊन खाऊन खाणार किती? या वावरातून हाकललं की त्या वावरात, तिथेही राखणदार उभाच. कणसं घरी आली. असं पीक गावाने पाहिलं नव्हतं. तानुबाईने शकुनच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

भुयार सर खळं बघायला आले. धोतराचा सोगा सांभाळत राशीभोवती फिरले, मूठभर दाणे हातात घेऊन निरखू लागले. शकुनचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात शेजारच्या गावचे चार-सहा जण आले आणि त्यांच्यातला म्हातारा बुधाजी तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"बाई, आमाले बी बियानं पायजे. पन एका घराले देऊ नका. देसान त साऱ्याइले द्या, नाई त नोका देऊ."

सरांनी मान वळवून म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग हातातले दाणे राशीत सोडून ते शकुनकडे वळले. "या बाबांनी तुमचा प्रबंध दोन वाक्यांत सांगून टाकला," ते म्हणाले. "आता परीक्षकांसाठी तो जरा लांबवा. अर्थशास्त्र आहे हे. सही मी करतो."