लाल गाडीचा दुसरा गिअर

हसनचाचा मिस्त्री यांचं नाव आधी लिहितो, प्रवासाचं मग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं गॅरेज आहे. नेसरीहून मी कॉलेजसाठी शहरात आलो तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नाही. ओळखीच्या एका कंडक्टरनं मला त्यांच्यापुढं नेऊन उभं केलं. चाचांनी एवढंच विचारलं, "घोरतोस काय?" मी नाही म्हणालो. त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्या गॅरेजच्या माळ्यावर राहिलो. खाली ते इंजिन उघडून बसत, वर मी पदार्थविज्ञान. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आज लातूरच्या कॉलेजात मी शिकवतो ते त्या माळ्यामुळे.

चाचांना लिहिता-वाचता येत नाही. त्या चार वर्षांत त्यांची सगळी पत्रं मी लिहिली आणि आलेली सगळी मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणून गेल्या माघात त्यांचं कार्ड आलं, तेव्हा मजकुराच्या आधी मी अक्षर पाहिलं. अक्षर विलासचं होतं.

विलास माझा वर्गमित्र. माझ्या वह्या उतरवून घ्यायचा, दुसऱ्या वर्षाला नापास झाला आणि घरच्या गुळाच्या अडतीवर बसला. घर मुरगूडला, पेढी कोल्हापुरात. रोज पेढीवर जाताना तो गॅरेजवर थांबतो आणि चाचांची पत्रं लिहितो. ते काम माझं होतं. कार्डावर लिहिलं होतं : "नामदेव, तुझी लाल गाडी विकायला आली आहे. विलासशेठ रोजच्या वापराला बघतो आहे. तशीच एक पांढरीही आली आहे. कुठली घ्यावी ते ठरत नाही. तिसरा माणूस म्हणून ये."

'तुझी' हा शब्द विलासनं स्वच्छ, गोल अक्षरात लिहिला होता.

'तिसरा माणूस' म्हणजे काय ते सांगायला हवं. चाचांच्या गॅरेजचा तो रिवाज आहे. तिथं जुनी गाडी विकताना घेणारा आणि मिस्त्री यांच्याखेरीज एक तिसरा लागतो. मिस्त्रीनं स्वतःचा हात फिरलेल्या गाडीबद्दल चांगलं-वाईट काही बोलायचं नाही, तपासणीच्या वेळी तिच्यात बसायचंही नाही. तिसऱ्यानं ती घेणाऱ्याच्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळेला चालवायची. मग तो म्हणेल ते दोघांनी मानायचं.

आणि लाल गाडी? ती हेरल्ड, एका साखर कारखान्याच्या इंजिनिअरसाहेबांची. दोन दारांची, बसकी, वर मागं दुमडता येणारा कापडी टप. कॉलेजच्या दिवसांत दर रविवारी मी ती धूत असे. गॅरेजातल्या गाड्यांवर मी चालवायला शिकलो होतो, आणि बी.एस्सी.च्या वर्षी चाचांनी शेजारी बसून मला ती रंकाळ्यापर्यंत चालवू दिली होती. परतताना मी म्हणालो होतो, "चाचा, माझी पहिली गाडी हीच." ते हसले नव्हते. लातुरात माझ्याकडे सायकल आहे.

लातूरहून नॅरोगेजच्या छोट्या आगगाडीनं निघालो. ती इतकी सावकाश चालते की बाहेरच्या ज्वारीची ताटं मोजता यावीत. मिरजेला गाडी बदलली आणि सकाळी कोल्हापुरात उतरलो. टांगा शोधत होतो तोच मागून हाक आली.

"ए नाम्या! मास्तर झालास म्हनून वळख इसरलास व्हय रं?"

विलास न्यायला आला होता. अंगावर परीटघडीचा पांढरा शर्ट, मनगटावर जाड घड्याळ. त्यानं माझी पिशवी हिसकावून घेतली आणि आधी गंगावेशीत नेलं. तिथं सकाळी म्हशी उभ्या असतात आणि धार थेट पेल्यात काढून देतात. म्हशीवाला मला म्हणाला, "पावणं (पाहुणे), मिशीला फेस लागला पायजे, तरच दूध प्यालासा म्हनायचं."

"त्येला कुठली मिशी?" विलास म्हणाला. "आमचा मास्तर हाय त्यो. पुस्तकावानी गुळगुळीत."

सगळे हसले, मीही हसलो. पैसे विलासनं दिले. मी खिशात हात घातला तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं, आणि ते मला आवडलं नाही.

गॅरेजवर चाचा एका ट्रकखालून बाहेर आले. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. "आलास? वाळलास की रं," म्हणाले आणि तेलकट हातानंच माझ्या पाठीवर थाप मारली. मला तो डाग हवाच होता. पण तेवढ्यात विलास न विचारता खिळ्यावरच्या किल्ल्या काढून घेऊन आत घरात गेला. आतून चाचींचा आवाज आला, "विलास, पाट घे आनि बस." मी दारात गेलो तर त्याच चाची म्हणाल्या, "या, बसा की."

त्याला 'बस', मला 'बसा'. चार वर्षं मी त्या चुलीपुढं जेवलो होतो.

दोन्ही गाड्या आवारात उभ्या होत्या. पांढरीचं छप्पर पत्र्याचं, बाकी दोघी सारख्याच. लालचा रंग थोडा मळला होता, पण मडगार्डावरचा तो जुना पोचा तिथंच होता. तेवढी जागा मी नेहमी जपून पुसत असे. विलास म्हणाला, "तू लाल घे. मी आनि चाचा पांढरीतनं येतो. मुरगूडला आईच्या हातचं जेवू, मग तू निवाडा सांग."

महामार्गाला लागेपर्यंत मी टप मागं टाकला होता. सकाळचं ऊन, दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस आणि लांब बॉनेट. गाडी पाय टेकवायच्या आत पुढं झेपावत होती. कागलच्या अलीकडं गुऱ्हाळं पेटली होती. काकवीचा (पातळ गुळाचा) गोड वास गाडीत भरला, पाठोपाठ पाचटाची (उसाच्या वाळल्या पाल्याची) काजळीही. कागलला चहाला थांबलो तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "पावणं, भट्टीतनं आलासा काय?" आरशात पाहिलं. नाकापासून कानापर्यंत मी काळा झालो होतो.

"रोजच्याला ही गाडी म्हणजे रोज दोन शर्ट," मी विलासला म्हणालो. हे मी खरं बोललो.

"धुळीचं काय घेऊन बसलास? आमचं जलमच धुळीतलं." तो लाल गाडीकडे बघत होता. ती नजर मी ओळखली. माझीच होती ती.

तिथून मुरगूडचा फाटा घेतला. दूधगंगा ओलांडल्यावर एक चढ लागतो. पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. मी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये आलो. डब्याचं झाकण नीट बसावं तसा तो बसला. पूर्ण चढ दुसऱ्यावर चढलो. एक झटका नाही, कुरकुर नाही. माथ्यावर पोचेपर्यंत माझं ठरलं होतं, की ही गाडी रोज या रस्त्यानं विलासला घेऊन जाता कामा नये.

विलासच्या आईनं मटण केलं होतं. ताटापुढं वाट्या मांडत त्या म्हणाल्या, "तांबडा का पांढरा? दोन्ही वाढते बाबा. गाडीगत एकच घ्यायची अडचन न्हाई हितं." मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहून आपलं मत दिलं, "लालच घ्या. नवरीगत दिसतीया."

जेवण झालं. विलास हात पुसत समोर बसला. "बोल, तिसऱ्या मानसा. लाल का पांढरी?"

"लालचा टप जुना आहे," मी म्हणालो. "पावसाळ्यात पाणी आत येईल."

"नवा शिवू."

"गुळाच्या ढेपा ठेवायला जागा नाही."

"जीप हाय की पेढीची. आरं, इंजनाचं सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "दुसरा गिअर निसटतो. चढावर. दोनदा निसटला."

चाचांची चहाची बशी ओठांपाशी थांबली. "दुसरा?"

"हो."

"झटका देऊन, का आपसूक?"

"आपसूक."

त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "मग न्हाई घ्यायची. चढाला गिअर निसटला तर मागनं ऊसगाडी यील अंगावर. विलासशेठ, पांढरी घ्या."

विलासनं एक सुस्कारा टाकला. "ठरलं मग. पांढरी." मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "लाल घेतली असती नाम्या, तर तू आलास की किल्ली तुझ्या हातात दिली असती. चाचा म्हनत हुतं, तुझा लई जीव हाय तिच्यावर."

परतताना मी पुन्हा लाल गाडीत होतो. चढ आता उतार झाला होता. टप मी लावून घेतला.

संध्याकाळी गॅरेजवर आलो. चाचांनी नमाज आटोपली, लाल गाडीची पुढची बैठक काढून बाहेर ठेवली आणि पाने मांडले. मी आत भाकरीला बसलो होतो. चाची म्हणाल्या, "परत उघडाय लागलेत व्हय ती पेटी? दिवाळीपास्नं तिच्याच मागं हुतं. दुसऱ्या गिअरचा भाग कुठं मिळंना, तर लेथवर बसून सोता घडवला. रोज घासायचं, रोज बसवून बघायचं. जमल्यावर शेजारपाजारी जिलबी वाटली."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

मला वाटलं होतं, चाचा लाल गाडीबद्दल गप्प आहेत कारण त्यांना तिच्या आताच्या हालतीचं काही माहीत नाही. ते गप्प होते कारण ती त्यांच्या हातची होती. रिवाज मी विसरलो नव्हतो. तो या गाडीलाही लागू असेल, एवढंच माझ्या मनात आलं नाही.

बाहेर आलो. ते गाडीत वाकून बोल्ट सैल करत होते.

"चाचा, कशाला उघडताय? राहू द्या."

"तू म्हनलास की निसटतो." मान वर न करता ते बोलत होते. "मी सोता चालवून बघितलीती. मला कायबी लागलं न्हाई. माझं कान गेलं असतील. तुझं कान तरनं हाईत, शिकल्यालं हाईत. सायबास्नी सांगाय पायजे, काम नीट झालं न्हाई म्हनून." मग पान्यावर फुंकर मारून म्हणाले, "आता गिअरपेटीची कामं घ्यायचं बंद करावं म्हनतो. उगं कुनाचा तरी जीव जायाचा."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी कंदील धरून उभा राहिलो. बोल्ट काढून दिले की ते वाटीत ठेवत होतो, जसा पूर्वी ठेवायचो. त्यांनी हाताच्या पाठीनं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बरं झालं तू आलास."

सकाळी विलास नवी पांढरी गाडी घेऊन मला स्टेशनवर सोडायला आला. बॉनेटवर हळदकुंकू होतं. चाचींनी लातूरच्या वाटेसाठी भाकरी आणि खर्डा बांधून दिला. विलासनं गुळाची एक लहान ढेप हातात ठेवली, मी नको म्हटलं तरी. आगगाडी सुटली आणि ऊस मागं जाऊ लागला. येताना मला या माणसाच्या घड्याळाचा, शर्टाचा, त्याला मिळणाऱ्या 'बस'चा हेवा वाटला होता. जाताना लक्षात आलं की गाडी मी त्याच्याकडून काढून घेतली खरी, पण किंमत भरली ती चाचांनी.

मिरजेला छोट्या गाडीला दोन तास होते. स्टेशनबाहेरून अंतर्देशीय पत्र घेतलं, ढेपेवर ठेवून लिहिलं आणि पेटीत टाकलं. ते असं :

"तीर्थरूप चाचांना नामदेवचा सलाम.

दुसरा गिअर निसटला नाही. एकदाही नाही. दूधगंगेचा चढ मी त्याच्यावरच चढलो आणि इतका नीट बसलेला गिअर मी कुठल्याही गाडीत पाहिलेला नाही. मी खोटं बोललो. ती गाडी विलासला मिळू नये म्हणून बोललो.

तुमचे कान शाबूत आहेत. हातही. साहेबांना काही सांगू नका. सांगितलं असेल तर हे पत्र दाखवा. उघडलेली गिअरपेटी परत मिटवून टाका आणि पुढची कामं खुशाल घ्या.

विलास, हे तू वाचतो आहेस हे मला माहीत आहे. चाचांपुढं दुसरं कोण वाचणार? इथं थांबू नकोस, गाळू नकोस. मोठ्यानं वाच. चाची आत असतील तर त्यांनाही बाहेर बोलाव आणि पहिल्यापासून पुन्हा वाच. मग लाल गाडी तूच चालवून बघ. या वेळी तिसरा माणूस दुसरा कुणीतरी घ्या.

चाचा, उत्तर विलासच्याच हातानं पाठवा. काय लिहाल ते लिहा.

तुमचा,
नामदेव"