लोकर साफ निघाली

माझ्या हातात माईक दिला आणि साहेब म्हणाले, "म्हण."

समोर शाळेची पोरं रांगेनं उन्हात बसवलेली. मागं खुर्च्यांवर सरपंच, सोसायटीचे लोक, तालुक्याहून आलेले पाहुणे. मांडवाला फ्लेक्स, फ्लेक्सवर हात जोडलेले साहेब आणि त्यांच्या शेजारी एक हिरवंगार झाड. आमच्या माळावर तसलं झाड कधी उगवलं नव्हतं.

"म्हण, मी माझी मेंढरं वृक्षारोपणात सोडली."

मी म्हणाले.

"झाडं खाऊ घातली."

मी तेही म्हणाले.

"मी निसर्गाची वैरीण आहे. मी माफी मागते. आता कान धर."

धरले. चाळिशीची बाई मी. पोरीची आई. कान धरून सगळ्यांपुढं उभी राहिले. मग टाळ्या वाजल्या. पोरांना कुणीतरी वाजवायला सांगितलं होतं. तिसऱ्या रांगेत माझी पोरगी होती. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. कार्यक्रम संपला, चहा फिरला. मला कुणी जा म्हणेना, म्हणून मी मांडवाच्या कडेला तशीच उभी होते.

घरी आल्यावर पोरगी म्हणाली, "आई, आपली मेंढरं तिकडं गेलीच न्हायती. मग तू व्हय का म्हणलीस?"

पोरगी खरं बोलत होती. मेंढरू खाली मान घालून गवत चरतं. शेंड्याला तोंड लावायला शेळी लागते, आणि साहेबांच्या संस्थेनं लावलेल्या गिरिपुष्पाला शेळीसुद्धा नाक मुरडते. ती झाडं तहानेनं मेली. मुरमात खड्डा, खड्ड्यात रोप, पहिले काही दिवस टँकर, टँकरसोबत फोटो. मग टँकर बंद. चैत्रात नुसत्या काटक्या उरल्या. पावसाळ्यात वरून तपासणी लागली, तेव्हा झाडं कुठं गेली याचं उत्तर पाहिजे होतं. उत्तर म्हणून मी सापडले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आदल्या दिवशी साहेबांचा माणूस घरी येऊन सांगून गेला होता. माफी माग, नाहीतर मेंढरं कोंडवाड्यात आणि तू पोलीस ठाण्यात. भीती होतीच. पण नुसत्या भीतीनं मी कान धरले नसते. माझ्या पोटात दुसरंच काही होतं. मला वाटत होतं, शिक्षा बरोबर आहे, गुन्हा तेवढा चुकीचा सांगतायत.

तो गुन्हा सांगते.

आमचं गाव वाशी तालुक्यात, डोंगरावर. गावाच्या वरच्या अंगाला माळ. कागदावर तो पडीक. पडीक म्हणजे कुणाच्या कामाचा नाही. ज्यानं हा शब्द लिहिला त्यानं भादव्यात एकदा तिथं येऊन उभं राहायला पाहिजे होतं. पवन्या गवत कमरेला लागायचं. मारवेल, कुसळी. पायाखालून तितर उठायचे. टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालायची, आणि दोन पावलांवरून जाणाऱ्यालाही ती दिसायची नाहीत. लांडगा असायचा. वर्षाला दोन-चार मेंढरं न्यायचा. आम्ही त्याला शिव्या घालायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच जायचो.

त्या माळाच्या मधोमध एक खळगा. चारी बाजूंची माती वाहून येऊन तिथं साचलेली. त्याला आम्ही राखण म्हणतो. मृग लागला की धनगरवाड्याचं एकही मेंढरू राखणीत जायचं नाही, ते थेट दसरा होईपर्यंत. गवतानं फुलायचं, बी धरायचं, बी वाळायचं. मग सगळे कळप एकाच दिवशी आत. मेंढरांच्या लोकरीत कुसळं आणि बिया अडकायच्या, आणि कळप फिरेल तिथं पडायच्या. पुढच्या पावसात तिथं गवत. असा तो सगळा माळ आमच्या मेंढरांनी पेरलेला आहे. पेरणीचा फोटो कुणी काढला नाही, एवढंच. दसऱ्याआधी कुणाचं मेंढरू राखणीत शिरलं तर त्या घरानं सगळ्या वाड्याला जेवण घालायचं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, या राखणीचे कारभारी. एकदा त्यांचाच मेंढा शिरला. कुणी बघितलं नव्हतं. मामांनी घरोघर जाऊन स्वतः सांगितलं आणि जेवण घातलं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात साहेब पहिल्यांदा माळावर आले. मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. ढोकीच्या वाटेला त्यांचा उसाचा मळा. मळ्याच्या बांधावर एक बाभळ नाही, एक लिंब नाही. उसावर सावली पडते म्हणून सगळं तोडलेलं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ते गाडीतून उतरले, मला हात जोडले आणि म्हणाले, "ताई, इथल्या जाणकार तुम्हीच. या माळावर माती कुठं खोल आहे, दाखवाल का?"

ताई. तुम्ही. जाणकार.

इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसानं मला तोवर कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तहसीलला गेलं तर 'ए बाई, सर तिकडं'. बाजारात 'ए धनगरणी'. मी हुरळून गेले. मी पुढं, साहेब मागं. थेट राखणीत नेलं त्यांना. टाचेनं माती उकरून दाखवली. कुठं हातभर, कुठं दोन हात, सगळं सांगितलं. त्यांच्या माणसानं माझा फोटो काढला, तेव्हा मी पदर नीट केला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तो दांडा मी.

आठ दिवसांत जेसीबी आला. सगळ्यात आधी राखणीत उतरला. चर खणायला लागला, एकापुढं एक, सरळ रेघेत. मुळांसकट गवताचे ठोंब वर आले आणि उन्हात पडले. मामा काठी घेऊन धावत गेले. जेसीबीवाला खाली उतरला, बिचारा वाईट बोलला नाही. म्हणाला, "बाबा, मला दाखवलंय तिथं खांदतोय."

मी मामांच्या मागंच उभी होते. ते वळून माझ्याकडं बघतील म्हणून मी पदर तोंडावर ओढला. त्यांनी बघितलं नाही. मला वाटलं, सुटले.

पाऊस पडल्यावर चरांतून वर आलेल्या मुरमावर गाजरगवत माजलं. पवन्या उगवला नाही. तितर गेले. टिटवी दिसेना. लांडगाही गेला. लांडगा गेला म्हणून धनगरीण कधी रडते का? मी रडले. रोपांच्या काळ्या पिशव्या माळभर उडत राहिल्या. आमची एक गाभण मेंढी पोट फुगून मेली. मामांनी पोट फाडलं, तर आत त्याच पिशव्यांचा गोळा. दोन कोकरं होती पोटात. मामांनी सगळं एकत्रच पुरलं.

पुढच्या पावसाळ्यात ती माफी झाली. आणि त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, आमचा नेहमीचा कातरणारा लोकर कातरायला आला. दरसाल तो कुसळांच्या नावानं खडे फोडायचा. बोटांना टोचतात, कातर अडकते, तुमच्या मेंढरांच्या अंगावर अख्खा माळ असतो, म्हणायचा. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं कळप मोकळा केला. कपाळ पुसत खुशीत म्हणाला, "मामा, लोकर लई साफ निघाली औंदा. एक कुसळ न्हाय."

मामा खाली बसले. लोकरीच्या ढिगात हात घातला आणि चाचपायला लागले. एक मूठ काढली, पिंजली, बाजूला ठेवली. दुसरी काढली. कातरणारा हसत होता, त्याला काही कळेना. मामांनी सगळा ढीग तसा मूठमूठ करून बघितला. मोतीबिंदू झालेले डोळे, ते बोटांनीच बघत होते. त्यांच्या मांडीवर फडकं पसरलेलं होतं, सापडलं तर ठेवायला. फडकं रिकामं राहिलं.

मला तिथं उभं राहवेना. मी म्हणाले, "मामा, राखण म्या दाखवली साहेबाला."

"ठाव हाय."

"कवापासनं?"

"जेसीबीवाल्यानंच सांगितलं व्हतं."

"मग मला बोलला का न्हाईत तुमी?"

मामांनी फडक्याची घडी घातली. "काय बोलू? तुला मान देऊन इचारलं, तू सांगितलं. आपल्याला कुणी इचारतंय का कदी? मला इचारलं असतं तर म्याबी दाखवलं असतं." आणि फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, "पर आता बी संपलं, पोरी."

तिथं माझ्यात काहीतरी फिरलं. मामांनी माफ केलं म्हणून हलकं वाटलं असेल, असं कुणाला वाटेल. नाही. मला भयंकर राग आला. आमच्या पोटात मानाची एवढी भूक आहे की एका 'तुम्ही'वर आम्ही अख्खा माळ काढून देतो, हे त्या माणसानं गाडीतून उतरता उतरता ओळखलं होतं. आणि काम झाल्यावर 'तुम्ही'चं 'तू' करून माझ्याच हातानं मला कान धरायला लावले. वर मी ते मुकाट्यानं केलं, जणू माझीच परतफेड होती. त्या दिवसानंतर मी स्वतःला बोल लावायचं बंद केलं. चूक माझी होती, ती मी निस्तरीन. पण माळ मी मारला नाही.

आम्ही बी शोधायला निघालो. मामा एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. सबंध माळ पालथा घातला. राखणीच्या वरच्या कडेला खडक आहे, तिथं जेसीबी चढला नव्हता. खडकाच्या आडोशाला पवन्याचे ठोंब होते. दोन खळ्यांएवढी जागा, बस. मामा त्या गवताला हात लावून बराच वेळ बसले. आम्ही बोरीच्या फांट्या तोडून कुंपण घातलं.

यंदाच्या श्रावणात साहेबांचा माणूस परत आला. दुसरा टप्पा आहे म्हणाला. "तुझ्या माफीचा व्हिडिओ लई चालला. साहेब म्हणतात, आता पहिलं झाड तुझ्याच हातानं लावायचं. शाल-नारळ देणार. सुधारलेली मेंढपाळ बाई." जागा कुठली, मी विचारलं. त्यानं खडकाकडं बोट केलं. "तिथं गवत दिसतंय ना, म्हणजे माती चांगली असणार, असं साहेब म्हणाले."

गवत असेल तिथं माती खोल असते. हे मीच त्यांना शिकवलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी गेले. पुन्हा मांडव, पुन्हा पोरं उन्हात. आमचं कुंपण काढून बाजूला टाकलेलं आणि पवन्याच्या मधोमध एक खड्डा खणून तयार. उपटलेला ठोंब कडेला पडला होता. खाली जेसीबी उभा. माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात रोप दिलं. मी रोप खाली ठेवलं. तो ठोंब उचलला, मुळं खाली करून खड्ड्यात बसवला आणि दोन्ही हातांनी माती लोटली. पायानं दाबली.

साहेब जवळ आले, दात आवळून म्हणाले, "काय करतेस? झाड लाव."

"झाड न्हाय लावणार."

"तुला पर्यावरणातलं काय कळतं?"

"न्हाय कळत, साहेब. तुमी सांगा, म्या आता लावलं ते कुठलं गवत हाय?"

"गवत ते गवत!"

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. मी माईकपाशी गेले. "माझी मेंढरं झाडात गेली नव्हती. म्या खोटी माफी मागितली. राखण दाखवली, ती माझी चूक. त्येची माफी म्या वाड्याला मागते, तुमाला न्हाय."

माईक बंद केला. साहेब पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "धनगरणीची अक्कल मेंढराएवढीच. केस करा हिच्यावर."

कुणी टाळी वाजवली नाही. माझ्या बाजूनंही कुणी उठलं नाही. सरपंच मोबाईलमध्ये बघत होते. मी जिंकले असं कुणी समजू नये. तक्रार झाली आहे. जेसीबी अजून खडकाखालीच उभा आहे. वाड्यातली दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्यापायी सगळ्यांची मेंढरं जातील, म्हणतात. त्यांचंही खोटं नाही. मामांना आता माळापर्यंत चालवत नाही. आणि गवत आहे किती, तर दोन खळ्यांएवढं. एवढ्यावर सबंध माळ परत यायला किती पावसाळे लागतील, मामांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं. मलाही तो बघायला मिळेल असं वाटत नाही. कधी कधी बांधलेली भाकरी खाली ठेवून मी उंबऱ्यावरच बसते.

तरी मी रोज तिथं जाऊन बसते. पवन्या फुलोऱ्यात आलाय. बी अजून कच्चं आहे, चुरगाळलं तर ओलं लागतं. दसऱ्यापर्यंत वाळेल. तोवर त्या गवतात पाऊल टाकायचं असेल तर आधी माझ्यावरून जावं लागेल. बी वाळलं की मी कळप आत घालणार आणि अंगावर कुसळं घेतलेला तो कळप त्या चरांमधून, त्या वाळक्या काटक्यांमधून रोज फिरवणार. तिथं चराईबंदीचा फलक आहे. असू दे. परवा मी ठाण्यात लेखी अर्ज दिला: कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूनं, किती मेंढरं घेऊन शिरणार. हवालदार दोनदा वाचून म्हणाला, "बाई, गुन्हा करायच्या आधी कुणी सांगतं व्हय?"

"म्या सांगते. पोच द्या."

तो द्यायला तयार नव्हता. मी बाकावर बसून राहिले. तासाभरानं त्यानं शिक्का मारला. मला आत टाकलं तर कळप माझी धाकटी जाऊ नेईल. तिला बाजू, वाट, सगळं दाखवून ठेवलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खडकाच्या अंगानं, मेंढरं आत जाणार.