ओवाळणीत टाकलेलं पाकीट

बसा. सांगतो. पण मधे बोलू नका, नाहीतर पुन्हा गिळून टाकीन. इतकी वर्षं गिळतच आलोय. माझ्या बायकोला, मंगलला, यातलं अक्षर माहीत नाही. भाची वैशूलाही नाही. आणि आक्काला सांगायचं राहून गेलं — राहून कसलं गेलं? सांगितलं नाही. बघा, तोंड उघडलं नाही तोच सोयीचा शब्द पुढे केला. माझी ही खोडच आहे, आणि आता मला तिचा वीट आलाय.

लातूरला माझं चष्म्याचं दुकान आहे. आणि मला गळ टाकून मासे धरायचा भारी नाद आहे, असं सगळी गल्ली मानते. कधी घरी आलात तर बघाल. माळ्यावर काठ्या, कपाटामागे काठ्या, न्हाणीच्या कोपऱ्यात काठ्या. घडीची खुर्ची, खिसेच खिसे असलेलं जाकीट, मासा लागला की वाजणारी घंटी, गळांचा कप्प्याकप्प्यांचा डबा. ज्या गावात नळाला पाणी कधी येणार हे बघून लोक पाहुण्यांना या म्हणतात, त्या गावात मी मासेमारीचं सामान मांडून बसलो! लोक हसायचे. हसू देत. मला राग यायचा तो कौतुक करणाऱ्यांचा.

कारण यातली वस्तू न् वस्तू बक्षीस आहे. सिगारेट सोडल्याचं बक्षीस, मीच मला दिलेलं.

आता आक्काचं सांगायला हवं. तिचं सांगायचं म्हटलं की माझी चिडचिड होते, कारण ती डोळ्यांपुढे येते ती हसतच येते. माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा परकरातल्या ह्या पोरीनं मला कडेवर घेऊन वाढवलं. लग्न होऊन ती नांदेडला गेली आणि मी तापानं फणफणलो. पुढे भाऊजी वारले, तिच्या घरी ती आणि तिची लेक वैशू, दोघीच उरल्या. दर भाऊबीजेला मी आणि मंगल एसटीनं नांदेड गाठायचो. ह्यात कधी खंड पडला नाही.

आक्काला मिसरीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी मागच्या पायरीवर बसून बोटानं दातांना लावायची. भाजायला घेतली की सगळं घर खोकायचं. मिसरी तोंडात असताना ती कुणाशी बोलायची नाही, नुसती मान हलवायची. तेवढाच काय तो तिचा दिवसातला स्वतःचा वेळ. बाकी सगळा दिवस दुसऱ्यांचा.

अशाच एका भाऊबीजेला तिनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मी ओवाळणी काढायला खिशात हात घातला तर म्हणाली, "साडी नको, काय नको मला. त्या दुसऱ्या खिशातलं सिगारेटचं पाकीट टाक ताटात. तीच माझी ओवाळणी."

सगळे बघत होते. ताटात टाकलेली ओवाळणी भाऊ परत उचलत नसतो, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी चिडलो. तुम्हाला म्हणून सांगतो, माझे कान तापले होते. तिनं माघार घ्यावी म्हणून मी म्हणालो, "मग तू बी तुझी मिसरी सोड की!" नंतर सगळ्यांना मी हे चेष्टेत म्हणालो असं सांगत आलो. चेष्टा नव्हती. तिच्या वर्मावर बोट ठेवायचं होतं मला.

ती ताट घेऊन आत गेली. आली तेव्हा ताटात निरंजनाशेजारी तिची डबी होती. "हं," म्हणाली, "ही माझी तुला. आता टाक तुझं." मी टाकलं. काय करणार होतो? मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. वैशूनं मोबाइलवर फोटो काढला.

सुरुवातीला मी खरंच सोडली होती. एवढं तरी माझं खरं माना. मंगलनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं, की व्यसन सोडलं की माणसानं महिन्याच्या महिन्याला स्वतःला काहीतरी घ्यावं, आवडीचं, म्हणजे मन रमतं. मला लहानपणी ओढ्यावर गळ टाकायला आवडायचं. म्हणून पहिल्या महिन्याला काठी मागवली. रविवारी धरणावर गेलो, गळ टाकला, बसलो.

आणि बसलोच. मासे धरणं म्हणजे बसून राहणं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं! दोन हात, एक काठी, आणि करायला काही नाही. शेजारी एक म्हातारा कोळी जाळं सोडवत होता. त्यानं सहज बिडी पुढे केली — "घ्या साहेब." मी घेतली. झालं. एवढंच. सोडल्याचं बक्षीस म्हणून जिथं गेलो, तिथंच पुन्हा लागली. ह्यावर हसावं की कपाळ बडवावं?

त्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण मी दारातून आत आलो, मंगलनं नाक धरलं आणि ओरडली, "आधी अंघोळ करा, केवढा वास मारतोय माशांचा!" माशांचा. तेव्हाच मला उमगलं, की ह्या नादाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. मग काय, पुढच्या महिन्याला दुसरी काठी. नंतर खुर्ची. मग जाकीट, ज्याच्या आतल्या खिशात पाकीट बेमालूम मावायचं. येताना त्याच कोळ्याकडून दोन मासे घ्यायचे आणि मीच धरले म्हणून मिरवायचं. शेजारी म्हणायचे, "मन पक्कं लागतं बुवा त्याला." एकानं तर गणपतीत मला स्टेजवर बोलावून शाल घातली, पोरांपुढे चार शब्द बोलायला लावले. आणि मी बोललो! छातीवर हात ठेवून बोललो.

इथवर तुम्ही म्हणाल, असं लबाड कोण नसतं? बायकोला फसवलं, गल्लीला फसवलं, त्यात काय मोठं? खरं आहे. एवढंच असतं तर मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

आक्कानं मिसरी सोडली होती हो. खरोखर सोडली होती. त्या सवयीच्या माणसाला काय होतं, ठाऊक आहे? डोकं धरतं, पोट साफ होत नाही, सकाळ उजाडली की जीव कशातच लागत नाही. बडीशेप चघळ, खोबऱ्याचा तुकडा चघळ, असं करत तिनं दिवस काढले. वैशूवर उगाच खेकसायची आणि मग रडायची. आणि फार झालं की मला फोन करायची. दुसरं कोण होतं तिला? आम्ही दोघं एका ताटातले.

"तुला बी आठवण येती का रे?" विचारायची. "मला तर लई कासावीस होऊन राहिलं बाबा. आज काय करू सांग."

मी सांगायचो. धरणाच्या भिंतीला टेकून, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पेटलेली सिगारेट, मी तिला सांगायचो, "आक्का, मन दुसरीकडं लाव. वाटलं की गार पाणी पी. मला बी होतं तसं, पण मी दाबतो." झुरका घेताना फोन तोंडापासून जरा लांब धरायचो. ती म्हणायची, "हाव, तुझं ऐकलं की बरं वाटतं." आणि खरंच तिला बरं वाटायचं. वर्षानुवर्षं ती माझ्या आधारावर उभी होती, आणि मी कशावर उभा होतो?

एकदा हौसेनं म्हणाली, तुझं मासे धरणं बघायचंय मला. नांदेडलाच गोदावरीच्या घाटावर बसलो. भाकरी, चटणी, पाण्याची बाटली, सगळं बांधून घेऊन आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची, "माझा भाऊ हाय. सिगारेट सोडली त्यानं, त्याचं बक्षीस हाय हे." मला तलफ आलेली. ती हलेना. शेवटी मी तिच्यावर ओरडलो. "आक्का, तुझ्या बडबडीनं मासे पळून राहिलेत! घरी जा बरं तू!" तिचं तोंड एवढंसं झालं. "बरं बरं, जाते. तू धर," म्हणाली आणि दुखरे गुडघे धरत घाटाच्या पायऱ्या चढायला लागली. ती वर पोचायच्या आत मी काडी ओढली होती. तिनं वळून पाहिलं नाही. कितीदा वाटतं, पाहायला हवं होतं तिनं, तिथंच संपलं असतं सगळं. ऐकलंत? पुन्हा तिच्यावरच ढकललं मी!

आता राहिलं ते सांगतो. फार नाही.

ती आजारी पडली. दवाखाने झाले, आणि मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे मागतील ते द्या. ह्याचा अर्थ कळायला कुणाला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी आणि मंगल नांदेडला जाऊन राहिलो. ती काही खाईना. एका दुपारी वैशूच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. वैशू उठली, गल्लीतल्या दुकानातून तंबाखू घेऊन आली आणि तवा ठेवला. थोड्या वेळानं घरभर तो वास. आम्ही सगळे खोकायला लागलो, आणि आक्कानं डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जीव दिसला.

वैशूनं तीच जुनी, ओवाळणीपासून देव्हाऱ्यात ठेवलेली डबी भरून आणली. आक्कानं बोट पुढे केलं. आणि मधेच थांबून माझ्याकडे बघितलं.

"लावू का रे?" म्हणाली. "तुझ्या ओवाळणीला दिलेली हाय. तू म्हणशील तर लावते."

एक शब्द. लाव. तेवढाच म्हणायचा होता मला. नाहीतर खरं सांगायचं होतं, की आक्का, मी कधीच मोडलंय, तू कशाला अडून बसलीस? माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात पाकीट होतं. ते मला छातीला लागत होतं.

आणि मी म्हणालो, "इतकी वर्षं दोघांनी पाळलं आक्का. आता मोडती का?"

का म्हणालो? मंगल बघत होती म्हणून? वैशू होती म्हणून? की माझ्या खोट्याला तिचं खरं शेवटपर्यंत धड राहायला हवं होतं? मला माहीत नाही. माहीत असतं तरी त्यानं काय फरक पडला असता?

ती जराशी हसली. "न्हाई, खरं हाय तुझं," म्हणाली. बोट मागे घेतलं, पदराला पुसलं. बोटाला काहीच लागलेलं नव्हतं, तरी पुसलं. वैशू डबी घेऊन आत गेली आणि चुलीपाशी रडायला लागली. मी हवा खायला जातो सांगून बाहेर पडलो आणि गल्लीच्या टोकाला, बंद गिरणीच्या मागे, एकापाठोपाठ दोन ओढल्या.

दोन दिवसांनी आक्का गेली. भेटायला येणाऱ्या बायकांना मंगल ते सगळं सांगायची. बहीण-भाऊ असावेत तर असे, म्हणायच्या त्या. दहाव्याला पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. मी घेऊ दिला.

निघताना वैशूनं ती डबी माझ्या हातात ठेवली. "मामा, तुम्हीच ठेवा ही. तुमच्या दोघांची हाय."

ती दुकानात आहे, काउंटरच्या खणात. मिसरी तशीच, त्या दुपारी भाजलेली, बोट न लागलेली. काल गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून उघडून बघितली. वास अजून आहे. झाकण लावलं, डबी होती तिथं ठेवली, तिच्या शेजारचं पाकीट उचललं, आणि दुकानाच्या मागच्या दाराशी जाऊन सिगारेट पेटवली.